एकाच हवेत सगळ्यांचं बोलणं

संध्याकाळी सात वाजता खराडी बायपासच्या चौकात सिग्नलला अडकलेली गर्दी पाहा. बसच्या खिडकीत कुणी रील बघतंय, रिक्षावाल्याच्या फोनवर नकाशा चालू आहे, दुचाकीवर मागे बसलेली मुलगी घरी कळवतेय की आज उशीर होईल. आजूबाजूच्या आयटी पार्कमधून माणसं बाहेर पडत असतात आणि प्रत्येकाच्या खिशात किमान एक फोन असतो. हे सगळे फोन एकाच वेळी, एकाच हवेतून, पुष्कळदा एकाच टॉवरशी बोलत असतात.

टॉवरवरच्या अँटेनाला मात्र हे वेगवेगळे आवाज वेगवेगळे ऐकू येत नाहीत. तिच्यात विजेची एकच थरथर उमटते. ती असते सगळ्या फोनच्या लहरींची बेरीज, आणि तीही भिंतींवरून, काचांवरून, वाहनांच्या टपांवरून परावर्तित होऊन आलेल्या लहरींसकट. बेरीज हातात आहे. तिच्यातून प्रत्येकाचा आकडा परत कसा काढायचा?

मुळा आणि मुठा पुण्यात संगमावर मिळतात आणि मुळा-मुठा होऊन खराडीच्या बाजूनं पुढे जातात. खराडीच्या काठावर ओंजळभर पाणी घेतलं, तर त्यातलं मुळेचं किती आणि मुठेचं किती हे कुणी सांगू शकणार नाही. रेडिओलहरी याबाबतीत पाण्यापेक्षा दयाळू आहेत. त्या मिसळल्या तरी हरवत नाहीत. योग्य गणित आणि योग्य रिसीव्हर असेल तर त्या पुन्हा वेगळ्या करता येतात. हे लक्षात यायला आणि प्रत्यक्षात आणायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध खर्ची पडला. त्या गोष्टीतली काही महत्त्वाची माणसं पुण्यात वाढली, पुण्याजवळ शिकली.

रांगेनं बोला

सुरुवातीचा उपाय आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा होता: रांग लावा. प्रत्येकाला स्वतंत्र फ्रीक्वेन्सी द्या, म्हणजे एकाचा आवाज दुसऱ्यात मिसळणारच नाही. रेडिओ स्टेशनं आजही असंच करतात. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाईल कॉल झाला, त्यानंतर देशभर पसरलेल्या जीएसएम पद्धतीत याला वेळेची जोड होती. २०० किलोहर्ट्झच्या एका पट्ट्यात वेळेचे आठ तुकडे पाडायचे आणि आठ जणांना आळीपाळीनं बोलू द्यायचं. तुकडे इतके बारीक की आपण थांबून थांबून बोलतोय हे कुणाला जाणवतही नाही.

या पद्धतीत रिसीव्हरला फारसं डोकं लावावं लागत नाही. आपला पट्टा, आपली पाळी, बाकीच्यांकडे दुर्लक्ष. पण रांगेची अडचण रेशनच्या दुकानात असते तीच इथेही आहे. माल ठरलेला आहे आणि माणसं वाढत आहेत.

प्रत्येकाची वेगळी भाषा

दुसरा उपाय लष्करी संशोधनातून आला. सगळ्यांना एकाच वेळी, एकाच पट्ट्यात बोलू द्यायचं, पण प्रत्येकाला स्वतःचा एक सांकेतिक क्रम द्यायचा. लग्नाच्या मांडवात चहूबाजूंनी गलका असतो, तरी आपल्या ओळखीच्या बोलीतलं वाक्य कानाला नेमकं सापडतं, तसंच काहीसं. याला सीडीएमए म्हणतात. भारतात २००३ च्या सुमारास रिलायन्सचे आणि टाटा इंडिकॉमचे जे स्वस्त हँडसेट घरोघरी आले, ते याच पद्धतीचे. तुमच्या आईवडिलांचा पहिला मोबाईल त्यातला असू शकतो.

हे क्रम कसे निवडायचे, हा स्वतंत्र विषय होता. दोन क्रम एकमेकांसारखे असतील तर एकाचा आवाज दुसऱ्यात झिरपणार. १९८० साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांनी या क्रमांच्या परस्परसंबंधांचा एक सविस्तर आढावा प्रसिद्ध केला. तो पुढे या क्षेत्रात सतत हाताशी ठेवला गेला. त्यातले एक मायकेल पर्सली आणि दुसऱ्यांचं आडनाव मराठी वाचकाला लगेच ओळखीचं वाटेल: दिलीप सरवटे. अशा क्रमांबद्दल कळीची गोष्ट ही की फोन जेव्हा आपापल्या वेळेनं, एकमेकांशी ताळमेळ नसताना बोलतात, तेव्हा त्यांचे क्रम एकमेकांपासून पूर्णपणे अलिप्त ठेवता येत नाहीत. थोडी गळती राहतेच.

या थोड्या गळतीनं मोठा घोळ होतो. समजा एक माणूस टॉवरपासून शंभर मीटरवर आहे आणि दुसरा एक किलोमीटरवर. शहरी वस्तीत लहरींची ताकद अंतराच्या साधारण चौथ्या घातानं घटते असं धरलं, तर अंतर दहापट झाल्यावर ताकद दहा हजार पटींनी कमी होते. मग जवळच्या माणसाच्या आवाजाची नुसती गळतीसुद्धा लांबच्या माणसाच्या पूर्ण आवाजापेक्षा मोठी ठरते. लांबचा माणूस बोलत असतो, पण तो कुणाला ऐकूच जात नाही. अभियंत्यांनी याला जवळ-लांबचा प्रश्न असं सरळ नाव दिलं.

क्वालकॉम या कंपनीनं त्यावर काढलेला तोडगा शिस्तीचा होता. टॉवर प्रत्येक फोनला सेकंदाला आठशे वेळा सांगतो: आवाज थोडा वाढव, आता थोडा कमी कर. जवळच्यांनी कुजबुजायचं, लांबच्यांनी ओरडायचं, म्हणजे टॉवरपाशी सगळे सारख्याच आवाजात पोचतील. ही युक्ती चालली आणि तिच्यावर मोठा उद्योग उभा राहिला. पण तिच्यात एक गृहीतक दडलेलं होतं. आपल्याला ज्याचं ऐकायचं आहे तो सोडून बाकी सगळे म्हणजे गोंगाट, असं रिसीव्हर मानत होता.

दुसऱ्याचं बोलणं म्हणजे गोंगाट नव्हे

हे गृहीतक चुकीचं आहे, असं ठामपणे मांडलं सर्जिओ व्हेर्दू या स्पॅनिश संशोधकानं. ठिकाण पुन्हा इलिनॉय विद्यापीठच, साल १९८४, निमित्त पीएच.डी.चा प्रबंध. त्याचं म्हणणं असं: पंख्याची घरघर आणि शेजाऱ्याचं बोलणं यांत मूलभूत फरक आहे. घरघरीला रचना नसते. शेजाऱ्याच्या बोलण्याला असते. त्याचा सांकेतिक क्रम टॉवरला ठाऊकच आहे. मग त्याच्याकडे दुर्लक्ष कशाला करायचं? त्याचंही बोलणं ओळखा, सगळ्यांचं एकत्रच ओळखा. म्हणजे कुणाचा कुणाला अडथळा किती होतोय हेही कळेल आणि तो वजा करता येईल.

व्हेर्दूनं दाखवून दिलं की असा सर्वोत्तम रिसीव्हर बनवला तर जवळ-लांबचा प्रश्न मुळातच राहत नाही. तो प्रश्न निसर्गाचा नव्हता, आळशी रिसीव्हरचा होता.

अडचण होती हिशेबाची. प्रत्येक जण एका क्षणी शून्य किंवा एक पाठवतो. दहा जण असतील तर १,०२४ शक्यता तपासायच्या. तीस जण झाले की शक्यता १०७ कोटींवर जातात, आणि हे एका बिटसाठी. ऐंशीच्या दशकातल्या यंत्रांना ते झेपणं शक्य नव्हतं.

म्हणून पुढची दहा-पंधरा वर्षं संशोधक स्वस्त पर्याय शोधत राहिले. त्यातला एक शाळेत शिकलेल्या गणिताइतका सोपा आहे. टपरीवर एकानं दोन चहा आणि एक वडापाव घेतला, बिल ४० रुपये. दुसऱ्यानं एक चहा आणि एक वडापाव घेतला, बिल ३०. चहा १० चा आणि वडापाव २० चा हे तुम्ही तोंडी काढाल. दोन अज्ञातं, दोन समीकरणं. १९८९ साली रुक्सांद्रा लुपास आणि व्हेर्दू यांनी मांडलेला रिसीव्हर याच तत्त्वावर चालतो: प्रत्येक क्रमाशी जुळणारं माप घ्यायचं आणि समीकरणं सोडवायची. दुसरा पर्याय कांदा सोलण्याचा. सगळ्यात मोठा आवाज आधी ओळखा, तो बेरजेतून वजा करा, उरलेल्यातला मोठा ओळखा, पुन्हा वजा करा. पहिल्याच पाकळीत चूक झाली तर ती शेवटपर्यंत पाझरत जाते, हा त्यातला धोका.

समीकरणांच्या पद्धतीतही एक मेख आहे. दोन्ही गिऱ्हाइकांनी अगदी तेच पदार्थ घेतले असते, तर दोन बिलं असूनही चहाची किंमत कळली नसती. समीकरणं वेगळी असावी लागतात. जवळपास सारखी असतील तर बिलातली एका रुपयाची चूक उत्तरात पन्नास रुपयांची होऊन बसते. ही मेख लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावर फिरणार आहे.

संगमावरचं कॉलेज

आता जरा मागे जाऊ. मुळा-मुठेच्या संगमाजवळ पुण्याचं जुनं सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, आपण ज्याला सीओईपी म्हणतो. १९५६ साली तिथून दूरसंचार विषयात पदवी घेऊन एक मुलगा बाहेर पडला. थॉमस कैलथ. कुटुंब मल्याळी, जन्म पुण्यातला, ७ जून १९३५ चा, शाळा सेंट व्हिन्सेंट. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत एमआयटीला गेला आणि १९६१ मध्ये डॉक्टरेट घेतली. एमआयटीतून विद्युत अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणारा तो भारतात जन्मलेला पहिला विद्यार्थी.

त्याच्या प्रबंधाचा विषय होता सतत बदलत्या माध्यमातून संदेश पाठवणं. त्या काळी एमआयटीच्या लिंकन प्रयोगशाळेत रॉबर्ट प्राइस आणि पॉल ग्रीन यांनी रेक नावाचा रिसीव्हर बनवला होता; त्यावरचा त्यांचा लेख १९५८ चा. रेक म्हणजे आपलं दाताळं, पालापाचोळा ओढायचं. एकच संदेश वेगवेगळ्या वाटांनी, वेगवेगळ्या उशिरानं येतो. त्या प्रत्येक प्रतिध्वनीसाठी एक दात, आणि सगळे ओढून एकत्र. तोवर प्रतिध्वनी म्हणजे कटकट होती, इथे पहिल्यांदा त्यांचा उपयोग झाला. पुढे प्रत्येक सीडीएमए फोनमध्ये हे दाताळं बसलं.

१९६३ पासून कैलथ स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवू लागले. ऐंशीच्या दशकात त्यांच्या गटाचं लक्ष एका नव्या प्रश्नाकडे गेलं: अनेक अँटेनांची रांग लावली तर कुठला संदेश कुठल्या दिशेनं आला हे किती नेमकेपणानं सांगता येईल? या कामात त्यांना येऊन मिळाला भारतीय नौदलातला एक अधिकारी. तो या प्रश्नापर्यंत पोचला होता समुद्राच्या बाजूनं.

९ डिसेंबर १९७१

अरोग्यस्वामी पॉलराज यांचा जन्म तमिळनाडूतला, कोइमतूरजवळच्या पोल्लाचीचा. पंधराव्या वर्षी ते खडकवासल्याला एनडीएत दाखल झाले आणि लोणावळ्याच्या नौदल अभियांत्रिकी महाविद्यालयातून त्यांनी पदवी घेतली. म्हणजे तारुण्याची सुरुवातीची वर्षं सगळी पुण्याच्या आसपास. पुढे नौदलानं त्यांना आयआयटी दिल्लीला पाठवलं. ते तिथे शिकत असतानाच बांगलादेश युद्ध पेटलं.

८ डिसेंबरला मुंबईहून निघालेल्या ताफ्यात खुक्री आणि कृपाण ही पाणबुडीविरोधी जहाजं होती. दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानची हंगोर ही पाणबुडी त्यांच्या वाटेवर होती. ९ तारखेच्या रात्री हंगोरच्या टॉर्पेडोनं खुक्री बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. पाणबुडीला जहाजं ऐकू आली होती; जहाजांना पाणबुडी वेळेत ऐकू आली नाही.

पाण्याखाली रडार चालत नाही, चालतो तो आवाज. सोनार आवाजाचा ठोका सोडतो आणि परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. पण त्या परतलेल्या आवाजात समुद्राचा तळ असतो, पृष्ठभाग असतो, लाटा, मासे आणि आपल्याच इंजिनाची घरघर असते. अरबी समुद्राच्या कोमट थरांमधून आवाज वाकतोही. या सगळ्या बेरजेतून पाणबुडीचा तेवढा क्षीण प्रतिध्वनी वेगळा काढायचा. खराडीच्या टॉवरपुढचा प्रश्न आणि हा प्रश्न, दोन्हींचं गणित एकाच घराण्यातलं. फरक एवढाच की फोन कट झाला तर आपण परत लावतो.

युद्धानंतर नौदलानं आपल्या जुन्या ब्रिटिश बनावटीच्या सोनारची सुधारणा पॉलराज यांच्याकडे सोपवली. पुढे कोचीच्या नौदल प्रयोगशाळेत त्यांच्या नेतृत्वाखाली अप्सोह हा पूर्ण भारतीय सोनार तयार झाला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या चाचण्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेल्या हिमगिरी या जहाजावर झाल्या. पाण्यात बुडवलेल्या अनेक कानांनी ऐकलेलं एकत्र जुळवून हव्या त्या दिशेकडे लक्ष एकवटायचं, हे तंत्र त्यांच्या हातात मुरलं ते इथे.

भिंतींचे उपकार

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर पॉलराज काही काळ स्टॅनफर्डला गेले. तिथे रिचर्ड रॉय, पॉलराज आणि कैलथ यांनी एस्प्रिट नावाची पद्धत मांडली. अँटेनांच्या रांगेवर पडणाऱ्या लहरींवरून त्यांची दिशा नेमकी काढणारी ही पद्धत आजही शिकवली जाते. मग पॉलराज भारतात परतले, बंगळुरूत नव्या प्रयोगशाळा उभारल्या, आणि १९९१ मध्ये नौदल सोडून पुन्हा स्टॅनफर्डला गेले.

तिथे ते टेहळणीसाठी एकाच फ्रीक्वेन्सीवरचे दोन संदेश वेगळे करण्याच्या प्रयोगांवर काम करत होते. दिशेवर विसंबलं तर एक मर्यादा येते. दोन ट्रान्समीटर अगदी जवळजवळ असले की दोघांची दिशा एकच. समीकरणं जवळपास सारखी. उत्तर निघत नाही. टपरीची मेख आठवा. पण आसपास लहरी विखुरणाऱ्या वस्तू असतील तर शेजारी-शेजारी ठेवलेले ट्रान्समीटरही वेगळे करता येतात, असं दिसून आलं. कारण प्रत्येकाच्या लहरी निरनिराळ्या भिंतींवर आपटून, निरनिराळ्या वाटांनी येतात. प्रत्येक अँटेनाला मिळणारं मिश्रण वेगळं असतं. म्हणजेच समीकरणं वेगळी होतात.

यातून पुढची उडी सुचली. दोन वेगवेगळे फोन शेजारी ठेवून जर त्यांचे संदेश सुटे करता येत असतील, तर ते दोन अँटेना एकाच फोनचे का नसावेत? एकाच संदेशाचे दोन भाग करा, एकाच वेळी एकाच पट्ट्यात पाठवा, रिसीव्हर ते वेगळे करेल. पट्टा तोच, माहिती दुप्पट. पॉलराज आणि कैलथ यांनी फेब्रुवारी १९९२ मध्ये या कल्पनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि सप्टेंबर १९९४ मध्ये ते मिळालं. या कल्पनेला पुढे मायमो हे नाव रूढ झालं. १९९६ मध्ये बेल प्रयोगशाळेच्या जेरार्ड फॉशिनी यांनी आपल्या पद्धतीनं याच दिशेचा मोठा सिद्धान्त मांडला, आणि १९९८ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत यंत्र चालवून दाखवलं. त्या यंत्राचा रिसीव्हर कांदा सोलणाराच होता. व्हेर्दूच्या वाटेवरचे आणि अँटेनाच्या वाटेवरचे लोक इथे एकमेकांना भेटले.

२००९ च्या वायफाय मानकात मायमो आलं, मग ४जी मध्ये आलं. ५जी च्या मोठ्या टॉवरवर जो चपटा, जाडसर फळा दिसतो, त्यात ६४ ट्रान्समीटर-रिसीव्हर असू शकतात. एकाच वेळी, एकाच पट्ट्यात, अनेक फोन वेगवेगळे ऐकणं हे त्याचं मुख्य काम. कैलथ यांना २००९ मध्ये पद्मभूषण मिळालं, पॉलराज यांना २०१०; पॉलराज यांना २०१४ चं मार्कोनी पारितोषिकही.

उरलेला हिशेब

या इतिहासाची एक बाजू बोचणारी आहे. खडकवासल्यात घडलेल्या, नौदलाच्या पैशावर शिकलेल्या आणि खुक्रीच्या आठवणीवर काम केलेल्या माणसाची सगळ्यात मोलाची कल्पना परदेशी विद्यापीठाच्या पेटंटमध्ये नोंदली गेली. संगमावरचा विद्यार्थी तर त्याआधीच गेलेला. याला देशद्रोह म्हणणं मूर्खपणाचं आणि "आपला माणूस" म्हणून नुसती कॉलर ताठ करणं त्याहून सोपं. अप्सोह भारतात बनला, कारण गरज समोर दिसत होती, माणूस होता आणि त्याच्यावर विश्वास टाकून वर्षानुवर्षं पैसा देणारी संस्था होती. मोबाईलच्या बाबतीत आपण गिऱ्हाईक म्हणून आलो. या तीन गोष्टी एकत्र आल्या नाहीत, म्हणून पेटंटही इथे आलं नाही.

आणि प्रश्न संपलेलाही नाही. टॉवरला समीकरणं मांडायची तर प्रत्येक फोनची वाट आधी माहीत हवी. त्यासाठी फोन एक ठरलेली खूण पाठवतो: मी इथे आहे. अशा एकमेकांपासून वेगळ्या खुणा मोजक्याच असतात, त्यामुळे शेजारच्या टॉवरखालच्या कुणालातरी तीच खूण द्यावी लागते. मग दोन वाटांची सरमिसळ होते आणि टॉवर एकाचं ऐकताना चुकून दुसऱ्याकडे कान लावतो. थॉमस मार्झेटा यांनी २०१० मध्ये दाखवलं की अँटेना कितीही वाढवल्या तरी हा दोष आपोआप जात नाही. त्यावर आजही काम चालू आहे.

खराडी काही दशकांपूर्वी नगर रस्त्यालगतचं शेतीचं गाव होतं. मोकळ्या शिवारात लहर सरळ येते आणि शेजारी-शेजारी उभी असलेली दोन माणसं टॉवरला जवळपास सारखीच दिसतात. आज तिथे काच, सिमेंट आणि लोखंड इतकं आहे की प्रत्येक लहर दहा ठिकाणी आपटून मगच पोचते. ज्या भिंतींना आपण रेंज जाते म्हणून नावं ठेवतो, त्याच भिंती बायपासच्या चौकातल्या त्या मुलीचा आवाज शेजारच्या रिक्षावाल्याच्या नकाशापासून वेगळा करायला टॉवरला मदत करत असतात.